छायाची गाडी मागे का पडते

आजवर हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरीजवळ नाही, शेजारच्या रफिकभाईंजवळ तर मुळीच नाही. आणि रफिकभाईंना माहीत नाही असं माझं दुसरं काही सापडायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते सोपं नाहीच. पण सुरुवात तरी होते आहे.

आधी हे सांगतो की आमच्या वरवट बकाल गावात माझं नाव चांगलं आहे. चांगलं म्हणजे — बायकांमध्ये. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस मी. माझं बायकांमध्ये नाव व्हायचं कारण काय? कारण इतकंच की मी रोज सकाळी छायाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोटारसायकलवर संग्रामपूरला सोडतो. तिथं ती शिवणक्लास चालवते. दुपारी दुकान पोऱ्यावर टाकून तिला आणायलाही जातो. पाऊस असो, लगीनसराई असो, कापूस वेचणीची घाई असो. स्टँडवरच्या बाया आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला देतात. "दिगंबरभाऊले पाहा जरा. बायकोले येष्टीसाठी ताटकळू देत नाहीत." ते नवरे मग दुकानात आले की माझ्याकडे कसे बघतात, ते तुम्हाला काय सांगू.

तर ही जी तारीफ आहे ना, ती माझी नाही. का नाही ते सांगायचंय, पण त्यासाठी मला खेळण्यातल्या गाड्यांपासून सुरुवात करावी लागेल. हसू नका. हसलात तरी चालेल — आम्हीही तेव्हा फार हसलो.

आमची पूनम पुण्यात नोकरी करते. एका दिवाळीला ती एक खोकं घेऊन आली. "तुम्ही दोघं रात्रंदिवस टीव्हीपुढं बसून राह्यता, आता हे खेळा," म्हणाली. खोक्यात तळहाताएवढ्या दोन गाड्या होत्या, एक लाल, एक निळी. दोन्हींच्या नाकावर बारका कॅमेरा. सोबत पुठ्ठ्याच्या चार कमानी, आणि प्रत्येक गाडीचा एक हातात धरायचा पडदा, बाजूला बटणं असलेला. कमानी घरात कुठंही उभ्या करायच्या, गाडी एकदा त्यांच्यामधून फिरवून आणायची, की तो झाला रस्ता. मग पडद्यावर आपलंच घर दिसतं, गाडीच्या नाकाएवढ्या उंचीवरून. आपलीच फरशी, आपलाच पलंग, पण त्यावर रस्ता आखलेला, बाजूला झेंडे, वरून बर्फ पडतोय. आणि गंमत अशी की पडद्यावर वारा सुटला, तर फरशीवरची खरी गाडी खरोखर एका बाजूला सरकते. पडद्यावर काही आडवं आलं, तर खरी गाडी जागच्या जागी थांबते.

रफिकभाई हे बघायला आले. ते गाद्या-रजया भरतात. आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत. उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसले, आणि लाल गाडी पलंगाखाली अडकली तसे वाकून बघायला लागले.

"काऊन थांबली हे?"

"बर्फाचा गोळा लागला," मी म्हणालो.

"कुठी आहे बर्फ?"

"अथी. पडद्यावर."

त्यांनी पडदा पाहिला, मग पलंगाखाली पाहिलं. "म्हणजे बर्फ तुमच्या डब्ब्यात, अन् गाडी पलंगाखाली गारठली. जाऊ द्या भाऊ, मी चहा पेतो."

पूनम परत गेली, आणि आम्हाला चटक लागली. रविवारी दुपारी जेवणं झाली की कमानी मांडायच्या. आमच्याकडं पुढच्या खोलीत कापूस साठवतात, भाव चढेपर्यंत. संक्रांत आली तोवर तो खिडकीच्या गजापर्यंत चढला होता. रस्ता त्या ढिगाच्या पायथ्यावरून जायचा. पडद्यावर अगदी डोंगर. जरा चुकलं की गाडी कापसात घुसायची, चाकांना तंतू गुंडाळायचे, आणि रफिकभाई धंद्याच्या नजरेनं म्हणायचे, "काढू नका, राहू द्या. एका चाकात उशी भरते."

आता ऐका. गाडीतलं सगळं मला कळतं, हा माझा लहानपणापासूनचा समज. मिसरूड फुटायच्या आधी मी ट्रॅक्टर चालवला. भरलेली ट्रॉली जिनिंगच्या फाटकातून उलटी आत घालणारा माणूस म्हणून मला लोक बोलवायला यायचे. आणि छाया? छायानं आयुष्यात सायकलचं हँडल धरलेलं नव्हतं.

तिनं मला हरवलं.

एकदा झालं, ठीक आहे. दुसऱ्यांदा मी म्हणालो, माझ्या गाडीचा सेल उतरला. गाड्या अदलाबदल करून पाहिल्या. मग पडदे बदलले. मग तिला वळणावर बोलण्यात गुंतवून पाहिलं. तरी तिची गाडी कापसाच्या कडेकडेनं, एक तंतूही न उडवता, जायची ती जायचीच. मी कापसात.

"तुम्ही वळणात गेल्यावर ढिलं सोडता," ती मला समजावून सांगायची, आणि खरंच चांगल्या मनानं. "त्याच्या आधी सोडाव लागते. ब्लाउजचा गळा शिवाले घेतला तं पाय कधी हलका करतो आपण?"

मी ब्लाउजचा गळा कधी शिवला होता?

रफिकभाईंनी जाहीर केलं, "भाऊ, आता ट्रॅक्टरची चाबी वहिनीले देऊन टाका. तुम्ही ट्रॉलीत बसत जा." एवढ्यावर थांबले असते तर ते रफिकभाई कसले? दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात क्लच प्लेट घ्यायला आलं आणि म्हणालं, "तुम्हीच द्यानं, का वहिनीले इचारा लागते?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझे कान तापले होते, हे फक्त मला ठाऊक.

त्याच आठवड्यात छाया म्हणाली, "मी आता खरी गाडी शिकतो. स्कुटी. क्लासले माझी मी जाईन." रफिकभाईंची सून शबाना स्कुटी चालवते, ती शाळेच्या मैदानावर शिकवणार होती. सोमवारपासून जायचं ठरलं. छायानं रंगसुद्धा ठरवून टाकला — मोरपंखी. शेगावच्या शोरूममध्ये पूनमला फोनवरून चौकशी करायला लावली. भाकरी थापतानाही तिचा उजवा हात मधूनच मूठ पिळल्यासारखा फिरायचा. मी पाहिलंय ते.

आता वळसा संपला. आता सांगतो.

सोमवारच्या आधीचा रविवार. छाया मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मी तिचा पडदा हातात घेतला. पूनमनं मला एकदा दाखवलं होतं, प्रत्येक गाडीचा वेग वेगळा ठरवता येतो. सगळ्यात खालचा वेग तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी. त्यात गाडी ठराविक चालीच्या वर जातच नाही, आणि कड आली की आपणहून ब्रेक लावते. ते सगळं इंग्रजीत आहे, आणि छाया त्या पानावर कधी जात नाही, हेही मला माहीत होतं. मी तिची निळी गाडी लेकरांच्या वेगावर टाकली. पडदा होता तसा ठेवून दिला.

त्या दुपारी रफिकभाई होते, शबाना होती, शेजारपाजारचे आणखी चार जण होते. छाया हरली. मग पुन्हा हरली. तिनं अंगठा इतका दाबला होता की नख पांढरं पडलं. "दाबून तं राह्यली मी," ती म्हणत होती, "जातच नाही वं पुढं. काऊन जात नाही?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? थट्टा होती म्हणून हसून सोडून देता आलं असतं. सगळे हसले असते, छायानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि रफिकभाईंना वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळाला असता. मी बोललो. पण काय बोललो? मी म्हणालो —

"गाडीले माणूस कळते. भेणाऱ्याच्या हाती ते चालत नाही."

लोक हसले. छायाही हसली. हसत हसत तिनं पडदा खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. जाताना शबानाला म्हणाली, "उद्या राहू दे बाई. पाहू पुढं."

तो सोमवार गेला. पुढचाही गेला. शबाना दोनदा बोलवायला आली. छायानं तिला सांगितलं, "माझा हातच नाही गाडीचा. घरात खेळण्यातली नाही पळत, रस्त्यावर कोणाले ठोकून देईन." मी तिथंच बसून पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, तेवढं भान मला होतं.

वेग मी पूर्ववत का नाही केला? रोज म्हणायचो, करून टाकू. पण केला असता तर पुढच्या रविवारी ती जिंकली असती, आणि छाया काही बावळट नाही. एका आठवड्यात हात आला कुठून, हे तिनं विचारलंच असतं. तो रविवार टळला, आणि मग वर्षं गेली. निळी गाडी अजून लेकरांच्या वेगावरच आहे. पूनम यायची असली की मी खोकं आधीच माळ्यावर टाकतो आणि सेल गेले म्हणून सांगतो. ती गेली की सेल परत येतात.

आम्ही अजून खेळतो. छाया अजून हरते, आणि — हे ऐकायला विचित्र वाटेल — मजेत हरते. मागून येताना गाडीला दम देते. "चाल वं बाई, चाल, तुह्या पायात काटा भरला का?" मी पुढं असतो आणि मला हसू फुटतं. मग हसू येतं म्हणून लाज वाटते, आणि त्या नादात मी कापसात घुसतो. तरीही जिंकतो. तिच्यापुढं हरण्याची सोयच मी ठेवलेली नाही.

आणि तो रोजचा संग्रामपूरचा फेरा. मला तो आवडतो, हे लपवून काय करू? ती मागं बसून रस्ताभर बोलते. क्लासमधल्या कोणत्या पोरीनं बाही उलटी लावली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं पुन्हा जुळलं. घरी मी तोंड उघडत नाही म्हणून ती टीव्ही लावते. गाडीवर मला कुठं जाता येत नाही, म्हणून मला सगळं सांगते. मला आमच्या गावाची जेवढी खबर आहे तेवढी सरपंचालाही नसेल. म्हणजे पाहा, तिचं जे अडवलं त्यावर मी इतकी वर्षं मजेत बसलोय, आणि वर लोकांकडून शाबासकीही घेतोय.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या महिन्यात सोनाळ्याच्या चार बाया घरी आल्या. त्यांना तिकडं शिवणक्लास हवा होता, दुपारनंतरचा. जागा त्यांची, मशिनी त्यांच्या, शिकवायला फक्त छाया हवी. छायाचे डोळे असे लकाकले, तसे मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. तिनं विचारलं किती पोरी आहेत, कटिंगसाठी टेबल आहे का, उजेड कुठून येतो. सगळं विचारून झालं. मग ती थांबली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली,

"नाही जमणार बायांनो. संग्रामपूर तं यांच्या जिवावर चालते. आता सोनाळ्याले कोण नेऊन सोडीन? किती तरास द्याव माणसाले?"

त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "खरं आहे माय. असा माणूस भेटाले नशीब लागते."

चौघींनीही माझ्याकडं मायेनं पाहिलं. बोलायची याहून चांगली वेळ कोणती असणार होती? मी उठलो, पानाचा डबा आणला आणि त्यांच्यापुढं सुपारी धरली. त्या पान खाऊन गेल्या. छायानं कप उचलले, आणि संध्याकाळपर्यंत तिनं टीव्ही लावला नाही.

त्याला महिना होत आला. सोनाळ्याच्या बायांना अजून कोणी मिळालेलं नाही, असं ऐकतो. आणि आज रविवार आहे. कमानी मांडून झाल्या आहेत, रफिकभाई उंबऱ्यावर बसले आहेत, आणि आतून छाया मला हाका मारते आहे.

माझ्याकडं तिचं देणं आहे ते असं. तिची गाडी मी मागं पाडली, हे मी तिला तोंडानं सांगायचं आहे. त्या दिवशी जे हसले, त्यांच्यासमोर सांगायचं आहे. आणि भेणारा मी होतो, ती नव्हती, हेही तिथंच म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.