अंतराळातल्या बायका आणि दामोदरची सही

माझा स्वभाव संशयी. सरकारी संशोधन संस्थेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या आराखड्यांतल्या चुका काढून पगार घेतला, आणखी काय होणार? त्यामुळे दामोदरची चित्रं खरं तर मीच काढली आहेत, असं हेमलतावहिनी म्हणाल्या, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली.

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळात जुन्या दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. चित्रांखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे. सत्तर सालच्या आसपासच्या त्या चित्रांत बायका यानं चालवायच्या, चंद्रावर उतरायच्या आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांखाली सही दामोदरची. तो माझा सहकारी, जाऊन बारा वर्षं झाली. हेमलतावहिनी त्याची बायको, आमच्याच संस्थेत ट्रेसर. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला आराखडा शाईने गिरवायचा, एवढंच त्यांचं काम. आता ऐंशीच्या झाल्या. मेलेला माणूस थोडाच नाही म्हणायला येणार, असं मनात आलं.

मी वहिनींच्या घरी जाऊन मूळ चित्रं मागितली. संपादकांनी ती परत पाठवलीच नव्हती. काहीतरी काढून दाखवा म्हटलं, तर हेल्मेटचा गोल वाकडा झाला. मग स्वतःची सही का नाही, असं विचारलं. ट्रेसरचं नाव कधी आराखड्यावर असायचं का, हाताला सवयच नव्हती, म्हणाल्या. उत्तर फारच सोयीचं होतं.

उठता उठता एक गोष्ट खटकत होती, तीही विचारून टाकली. बाकीच्या चित्रकारांनी अशा बायकांच्या प्राणवायूची चावी पाठीवर दिली होती. दामोदरच्या सहीच्या चित्रांत मात्र ती प्रत्येकीच्या छातीवर. ही चूक कशी झाली?

“चूक कसली, भावोजी? पाठीला हुक असलेला ब्लाउज घातलाय कधी? दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. चंद्रावर कुणाला मारणार?”

मी पुन्हा खाली बसलो. स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण दामोदरला आठवडाभर दिसायचं नाही. मला माझीच लाज वाटली.

त्या चित्रांच्या पाट्यांवर मी हेमलता हे नाव लिहिलं. मंडळाचे अध्यक्ष यशोवर्धन यांनी लगेच हरकत घेतली. काही पुरावा आहे का म्हणाले.

“दामोदरकडे कधी मागितला होता?” मी म्हटलं.

पाट्या लागल्या.

उद्‌घाटनाला वहिनी इस्त्रीची साडी नेसून आल्या. चित्रांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ पहिल्या पाटीजवळ गेल्या, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली आणि शाई पुसली जाते का, हे बघायला आपल्या नावावरून ओलं बोट फिरवलं.