विणायच्या सुईवरची कार्डं

आनंदराव सुखदेवे सक्करदऱ्याला राहायचे आणि एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. कुहीकडच्या बोड्या, म्हणजे मातीचा बांध, तिकडची 'पाळ', घालून धानाला पाणी पुरवणारी लहान तळी, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. बरीच वर्षं टिपणं काढून घरात वह्यांची चळत झाली होती. अक्षर मुंगीएवढं. कागद वाचवायची सवय लहानपणची, ती नोकरी लागली तरी गेली नव्हती.

१९७४च्या उन्हाळ्यात वर्गात नकाशावर काठी ठेवताना त्यांची वैनगंगा चुकली. पोरं हसली, तेही हसले. मग डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरली तेवढी जपायची होती.

घरी येऊन त्यांनी वह्या जुन्या लुगड्यात बांधायला घेतल्या. वच्छलाबाई, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काहून बांधून राहिले?"

"मलेच माझं अक्षर दिसत नाही वं. कोणती गोष्ट कोणत्या पुस्तकातली, कोणत्या पानावरची, हे सांगता आलं नाही तर तो प्रबंध कसला? नुसत्या गप्पा."

"मंग सापडन असं काहीतरी करा ना," त्या म्हणाल्या आणि गाठ सोडायला बसल्या.

त्यांच्या मार्गदर्शकांनी कार्डं सुचवली. एका पुस्तकाला एक कार्ड, आडनावाच्या क्रमाने लावायची. पण आडनाव शोधायलाही डोळेच लागतात. चौथी शिकलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या, मी शोधून देत जाईन. ते आनंदरावांना पटेना. "दर वेळी तुले चुलीपासून उठवू काय? माझं मले काढता आलं पाहिजे."

मग एका रविवारी त्यांचा शाळेपासूनचा मित्र शालिकराम आला. तो एका प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात होता. त्याने पिशवीतून वेगळीच कार्डं काढली. चारही कडांना भोकं पाडलेली, त्यातली काही कडेपर्यंत कापलेली.

"एकेका भोकाले एकेक विषय द्यायचा," तो सांगू लागला. "हे पाणीवाटपाचं, हे मासोळीचं, हे पाळीच्या दुरुस्तीचं. पुस्तकात तो विषय असन, तर ते भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. आता पाह्य." त्याने गठ्ठ्याच्या एका भोकातून एक तार घातली आणि गठ्ठा उचलला. कापलेली कार्डं सुटून खाली पडली, बाकीची तारेवर लटकून राहिली.

आनंदरावांनी तार मागून घेतली. त्यांनी डोळे मिटले, बोटाने कड चाचपली, एक भोक सोडून पुढच्या भोकात तार घातली. उचलली. कार्डं त्यांच्या मांडीवर पडली.

"शालिक, हे आंधळ्यालेही जमते गा."

त्या घरात तो शब्द तोवर कोणी काढला नव्हता. वच्छलाबाई आत गेल्या आणि अर्धवट विणलेल्या स्वेटरातून सुई ओढून घेऊन आल्या.

"तार वाकते. ही घ्या. स्वेटरचं मंग पाहू."

कामाची पद्धत ठरली. सकाळी अंगणातल्या उन्हात आनंदराव भिंग धरून जुनी टिपणं वाचायचे आणि सांगायचे. वच्छलाबाई काळ्या शाईने ठसठशीत लिहायच्या. इंग्रज साहेबांची नावं त्यांच्या हातून आपल्याकडची होऊन उतरायची. मॅकडोनाल्डचा 'मकदोनाल' झाला होता. मग दोघंही हसायची.

एकदा मासोळीचं भोक कापायच्या जागी त्यांनी शेजारचं कापलं. आनंदराव चिडले. "लक्ष कुठं असते तुझं? एक कार्ड चुकलं तर पूर्ण पुस्तक हरवते!" वच्छलाबाईंनी खळ करून कागदाची पट्टी चिकटवली, सुकवली, नवीन भोक पाडलं. दुपारी गठ्ठ्यावरून बोट फिरवताना आनंदरावांना ती जाड कड लागली. बराच वेळ ते तिथेच बोट फिरवत राहिले.

"वच्छला, मी जास्तच बोललो वं."

"ते जाऊ द्या. मकदोनालचं पान सांगा."

१९७८मध्ये त्यांना पदवी मिळाली. पेढे वाटून झाल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "इतक्या बोड्या लिहिल्या मी, एकही पाह्यली नाही."

दिवाळीच्या सुट्टीत दोघं एसटीने कुहीला उतरले आणि विचारत विचारत एका बोडीच्या पाळीवर चढले. एव्हाना आनंदरावांना फक्त उजेड कळत होता.

"पाणी दिसते काय?"

"काठोकाठ हाये. शिंगाड्याचे वेल पसरले. एक माणूस डोंग्यात बसून शिंगाडे तोडून राहिला."

"सांडवा कोणत्या बाजूले?"

"डाव्या." मग त्यांनी नवऱ्याचे खांदे धरून त्यांना हळूच पाण्याकडे वळवलं. "नाई, तुमच्या उजव्या. तिकडून पाणी धानात उतरते. धान पिवळा झाला."

आनंदराव पाळीवरच्या गवतात बसले. "आणखी सांग," ते म्हणाले.

वच्छलाबाई शेजारी टेकल्या आणि अगदी अलीकडच्या काठापासून सांगायला लागल्या.