ठाण्याहून कल्याणला, वाट विचारत

कल्याणच्या एका शाळेतून बोलावणं आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मला ताप भरला. सोमवारी सकाळी हजर व्हायचं आणि हेडमास्तरांसमोर एका वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नुकताच बी.ए. झालेलो, ठाण्याच्या नौपाड्यात थोरल्या भावाकडे राहायचो, आणि बोलताना अडखळायचो. थोडंथोडकं नाही. 'क' आणि 'म' ही दोन अक्षरं तर घशात धोंड्यासारखी बसायची. आता माझं नाव मधुकर आणि जायचं कल्याणला. म्हणजे बघा!

अडखळणारा माणूस एक कला आपोआप शिकतो. अडणारा शब्द त्याला दुरून येताना दिसतो आणि तो हळूच गल्ली बदलतो. मला कॉफी आवडायची, पण मी जन्मभर चहा मागत आलो होतो. स्टेशनच्या खिडकीवर 'कल्याण' म्हणता येईना म्हणून एकदा डोंबिवलीचं तिकीट काढून पुढची वाट मी पायी गेलेलो आहे.

दादाने माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "नको वाटत असेल तर कळवून टाकू. माझ्या ऑफिसात लिहिण्याचं काम निघेल. तिथे तुला कोणी बोलायला लावणार नाही."

तो मायेने बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, तुम्ही शब्द बदलता ते मला कळतं बरं का. परवा तुम्हाला मीठ हवं होतं आणि तुम्ही म्हणालात, आमटी जरा अळणी झालीय."

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"एकदा बदलू नका. लागेल तेवढा वेळ लागू दे. बघा तरी काय होतं."

त्या रात्री मी ठरवलं. आगगाडीने गेलो तर तोंड न उघडता तासाभरात पोचेन आणि वर्गात जाऊन उभा राहीन तसाच, मुका. चालत गेलो तर दोन दिवस हातात होते आणि वाटेत माणसं होती. भेटेल त्याला वाट विचारायची, माहीत असली तरी विचारायची, आणि मनात येईल तोच शब्द तोंडाने म्हणायचा. गल्ली बदलायची नाही. शनिवारी सकाळी वहिनीने दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. दादाने आपल्या जाड तळाच्या वहाणा पुढे सरकवल्या.

हा रस्ता आज चालायचा कोणाच्या मनात असेल तर सांगतो, नका चालू. ट्रकच्या धुराने जीव जाईल. पण तेव्हा पौषातली सकाळ होती, कळव्याचा पूल जवळजवळ रिकामा होता आणि खाडीला ओहोटी लागलेली. चिखलात बगळे उभे, पलीकडे मिठाच्या ढिगांवर ऊन पडलेलं. पूल उतरल्यावर एक बैलगाडीवाला जू सोडून बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"क... क... क..."

"कळवा?" तो म्हणाला. "अवो, कळव्यातच उभे हाव की तुमी!"

मी मान डोलावली, हात जोडले आणि पुढे निघालो. पहिल्याच परीक्षेत नापास.

मुंब्र्याला डोंगर आणि खाडी यांच्या चिमटीतून रस्ता जातो. वर कड्यात देवीचं देऊळ दिसतं. तिकडे बघत बघत मी एका हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि कढईत कांदाभजी. एका आण्यात बशीभर. भुकेने जीव कळवळलेला. मालकाने विचारलं, "काय देऊ?" आणि माझं सुरू झालं. बाकड्यावरचे दोघे आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग हसू दाबायला लागले, मग दाबेनासे झाले. मी कढईकडे बोट दाखवलं. भजी आली. खाल्ली, पैसे ठेवले आणि बाहेर पडून थेट मुंब्रा स्टेशनवर गेलो.

ठाण्याकडची गाडी यायची होती. फलाटावर बसलो असताना मला लोकांच्या हसण्याचा राग येत होता. पण जसजसा वेळ गेला तसतसं दुसरंच काही टोचायला लागलं. ते हसले हे खरं, पण शब्द त्यांनी तोडला नव्हता. अर्ध्यावर मीच टाकला होता. सकाळी गाडीवाल्यासमोर टाकला तसाच. बावीस वर्षांत मी एकही अडलेला शब्द शेवटपर्यंत नेऊन बघितला नव्हता! तो कुठे संपतो तेच मला माहीत नव्हतं.

गाडी दिसायला लागली तसा मी उठलो आणि परत हॉटेलात गेलो. ते दोघे तिथेच होते. मालकाने वर बघितलं.

"क... क..." डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली, भट्टीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं. "क... कांदाभजी. अ... आणखी एक बशी."

मालक कमरेवर हात ठेवून उभा होता. "एवढी आवडली?" तो म्हणाला.

या वेळी सगळेच हसले. मीसुद्धा. त्यांतल्या एकाने सरकून बाकड्यावर जागा करून दिली आणि शीळफाट्याला जवळची वाट कुठून फुटते ते न विचारताच सांगितलं. पोट भरलेलं होतं, तरी ती बशी मी संपवली. आयुष्यात इतकी चविष्ट भजी पुन्हा मिळाली नाहीत.

शीळफाट्यावरून कल्याणचा रस्ता डावीकडे वळतो. तेव्हा तो कच्चाच होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, पेंढ्याच्या गंजी आणि गवत भरलेल्या गाड्यांची रांग. मी प्रत्येकाला कल्याणची वाट विचारत गेलो. कोणी थांबलं, कोणी शब्द पुरा होण्याआधीच हात करून निघून गेलं. एक गाडीवान मागच्याला ओरडून म्हणाला, "या बाबाला सरळ रस्ता कवरा येल सांगू?" चुकण्यासारखा फाटाच नव्हता. सरळ रस्ता किती वेळ सांगत बसायचा, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

काटईच्या अलीकडे ऊन उतरलं तेव्हा एका आगरी घराच्या खळ्यावर एक म्हातारी सूप घेऊन भात वारवत होती. मला रात्रीपुरता मुक्काम हवा होता. 'जागा' म्हटलं असतं तर सहज निघून गेलं असतं. पण मनात आधी 'मुक्काम' आला होता.

"म... म... म..."

तिने सूप थांबवलं नाही. दाणे पडत राहिले, फोल उडत राहिलं. जरा वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "बोल रं बाला. मना कय घाई नाय. भात काय पलून जात नाय."

शब्द आला. म्हातारीने सुपानेच ओटी दाखवली.

तिच्या सुनेने तांदळाची गरम भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. पैसे पुढे केले तर म्हातारी रागावली. मग उरलेल्या दशम्या दिल्या, त्या मात्र नातवंडांनी हिसकून खाल्ल्या. कुठे जातोस, कशाला जातोस, सगळं तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. बोलण्यात इतका वेळ मी आधी कधीच घालवला नव्हता. शेवटी मनातलं भयही सांगून टाकलं.

"पोरा हसतील तुला?"

"हसतील."

"मंग हसूं दे. पोराच ती. थोऱ्या येलानं दमतील."

रविवारी दुपारी डोंबिवलीला वहिनीच्या मावशीकडे पोचलो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे कौलारू घरं, परसात विहीर, नारळी आणि संध्याकाळी घराघरांत कंदील. मावशीने पायांवर गरम पाणी घातलं आणि तिखटमिठाचा सांजा केला. मावशीचे यजमान, काका, निवृत्त झालेले, ओळखीपाळखीचे गृहस्थ. माझं बोलणं ऐकून ते अस्वस्थ झाले.

"असं करतो," ते म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीने कल्याणला जाऊन हेडमास्तरांना भेटून येतो. माझा शब्द ते मोडणार नाहीत. मुलगा हुशार आहे, जरा अडखळतो, सांभाळून घ्या, एवढं सांगितलं की झालं."

हे किती सोपं होतं! क्षणभर मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"नको," मी म्हणालो.

"अरे, आधी कळलेलं बरं ना?"

"क... कळायलाच हवं. पण म... म..." इथे जो अडलो तो अडलोच. मावशीने हातातला झारा खाली ठेवला. काकांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. "माझ्याकडून," मी म्हणालो.

काकांनी संध्याकाळची गाडी जाऊ दिली. सकाळी मला वाटेला लावायला ते गावाबाहेरपर्यंत आले.

रुळांच्या कडेकडेने पाऊलवाट होती, तिने उन्हं चढायच्या आत कल्याण गाठलं. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. शाळा कुठे आहे ते पाटीवर दिसत होतं, तरी एका टांगेवाल्याला विचारलं आणि सबंध वाक्य पुरं केलं.

सातवीचा वर्ग, भूगोलाचा तास, विषय आपला जिल्हा. हेडमास्तर मागच्या बाकावर बसले. मी खडू घेतला आणि आधी मुलांकडे वळलो.

"मी बोलताना अ... अडखळतो. शब्द अडला तर थांबा. तो येतो."

मागे खसखस पिकली. मी फळ्यावर खाडी काढली, पूल काढला, डोंगर काढला. मुंब्र्याशी आलो आणि 'म' ने घात केला. कोणीतरी बेमालूम नक्कल केली आणि सगळा वर्ग फुटला. मी खडू धरून उभा राहिलो. कान तापले होते. हसू एकदा ओसरलं, पुन्हा उसळलं, मग ठिकठिकाणी विझत गेलं. मुलं खरंच दमली.

"...मुंब्रा," मी म्हणालो.

पुढच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं चालत आलात?"

"हो."

"का?"

मग मी सांगत गेलो. मिठागरं, गवताच्या गाड्या, वारवलेलं भात, ते गवत कुठे जातं, खाडीला भरती कधी येते. मुलं विचारत गेली. माझे शब्द अडत होते आणि ती थांबत होती. सगळीच नाही, पण बरीच. घंटा झाली तेव्हा मी फळ्यावर अजून शीळफाट्यालाच होतो.

हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. "पाठ अर्धाच झाला तुमचा."

"हो सर."

"मुलांनी प्रश्न मात्र पुष्कळ विचारले." त्यांनी चष्मा पुसला. "आमचे एक शिक्षक लांबच्या रजेवर जातायत. तेवढ्यापुरतं घेऊ शकतो. पण मला खरं सांगा, तुमचं बोलणं सुधारेल?"

"म... माहीत नाही, सर," मी म्हणालो. "शिकवणं सुधारेल."

ते हसले नाहीत. "पुढच्या महिन्यापासून या," म्हणाले.

मी तिथे रजेपुरता लागलो आणि केस पिकेपर्यंत शिकवत राहिलो. अडखळणं गेलं नाही. आजही फोनवर नाव सांगायला लागलो की पलीकडच्याला वाटतं लाइन तुटली. जिद्द, एकाग्रता, निश्चय कशाला म्हणतात ते तरुण मुलं मला विचारतात. तेव्हा मला आठवतं ते त्या सोमवारचं घरचं जेवण.

दादा, वहिनी आणि मी पाटांवर बसलो होतो. नोकरी मिळाल्याचं सांगून झालं होतं, वहिनीने पानात गूळ-तूप वाढलं होतं. मग मी कळव्याच्या गाडीवाल्यापासून सुरुवात केली. वहिनी हसून हसून बेजार झाली. मुंब्र्याच्या फलाटावर येऊन मी अडलो. मोठा अडलो. दादाच्या ओठांवर तो शब्द आलेला मला स्पष्ट दिसत होता. त्याने तो गिळला, हातातला घास पानात ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबून राहिला.