अक्कांचा सामाईक भाग

अक्का एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. कुणी पुन्हा विचारलंच, तर "मघाशी बोलले की," एवढं म्हणून कामाला लागत. गणितातली एम.एस्सी. आणि आपल्या वळसंग गावची बोली या दोन्ही गोष्टी त्या सारख्याच ऐटीत मिरवत. सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या संगणक विभागात मालकांखालोखाल दरारा होता तो त्यांचाच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचं जुनं, भाड्याचं यंत्र परत जाणार होतं आणि त्यावरचे सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून अक्कांनी नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग उभं केलं. प्रोग्रॅमला वाटावं, आपण जुन्याच घरी नांदतोय. जुन्या यंत्राला माहिती साठवायला फक्त टेप ठाऊक होती. सोंगातली ही टेप प्रत्यक्षात कधी नव्या टेपवर असे, कधी नव्या डिस्कवर. त्यासाठी दोन शाखा होत्या, दोन साहेब होते आणि मध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. साहेब एकमेकांशी शिपायामार्फत बोलत. मी टेपच्या बाजूचा.

पुढची नोंद वाचणं, टेप मागे गुंडाळणं, शेवट ओळखणं, हे सगळं दोन्ही शाखांनी आपापलं लिहिलं होतं. आम्ही दुरुस्त केलेली चूक पलीकडे सुखाने नांदत असे. अक्कांना ते बघवेना. गावी त्यांच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं रान वेगळं होतं, पण विहीर एकच.

"साहेब, तुमचं रान तुमचं, त्यांचं रान त्यांचं. विहिरी कशाला दोन खांदताय?"

सारखं काम एका जागी लिहायचं आणि टेप नि डिस्क यांत खरोखर वेगळं असेल तेवढंच वेगळं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही साहेबांनी आपल्या शाखेची परंपरा सांगून नकार दिला. ती परंपरा तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

दुपारी अक्का आमच्या साहेबांना म्हणाल्या, "पलीकडच्या साहेबांनी सकाळी न्हाई म्हटलंय."

साहेब ताठ झाले. "ते नाही म्हणतात? मग करून टाका!"

अक्कांनी पार्टिशनला वळसा घालून तेच वाक्य पलीकडेही टाकलं. दोन्हीकडे त्या खरं तेच बोलल्या होत्या. तिकडूनही होकार आला आणि अक्कांनी सामाईक भाग लिहून काढला.

परीक्षेच्या दिवशी मालक मुंबईहून आले. सुताच्या साठ्याचा अहवाल टेपवरून आणि डिस्कवरून, दोन्हीकडून जुन्या अहवालाबरहुकूम निघाला तर विभाग सोलापुरात राहणार होता, नाहीतर मुंबईला हलणार होता. म्हातारे वडील आणि रान सोडून अक्का मुंबईला जाणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांची नोकरी त्या कागदावर टांगली होती. यंत्राला हार घातला गेला, नारळ फुटला, भाषणं झाली. यंत्राने ती शांतपणे ऐकली.

टेपवरून अहवाल निघाला. शेवटची नोंद गायब. आमच्या साहेबांना घाम फुटला. मग डिस्कवरून निघाला, तर तीच नोंद गायब. आमचे साहेब एकदम प्रसन्न. मालकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

आणि अक्का मोठ्यांदा हसल्या. "दोन्हीकडं तीच चूक? मग एकाच जागी हाय की!"

"दोन्ही शाखांना किती दिवस लागतील?" मालकांनी विचारलं.

"शाखांना कशाला? तुमी च्या घ्या."

सामाईक भाग ज्या भोकं पाडलेल्या कार्डांवर होता, त्या गठ्ठ्यातून शेवट ओळखणारी दोन कार्डं त्यांनी उपसली, नवी पंच करून त्या जागी बसवली आणि यंत्र पुन्हा चालवलं. टेपवरचा अहवाल जुळला. मग डिस्कवरचाही जुळला, आणि डिस्कवाल्यांनी तर कशाला बोटही लावलं नव्हतं. मालकांनी चष्मा परत चढवला.

"हा सामाईक भाग कुणाचा?"

"आमचा!" दोन्ही साहेब एकाच वेळी म्हणाले.

मला राग आला. "अक्का, तुम्ही गप्प का?"

"दोघंबी आमचा म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "आता त्याला कोण मोडतंय?"

विभाग सोलापुरातच राहिला. अक्का निवृत्त होईपर्यंत वळसंगच्या एसटीने येत-जात राहिल्या. आता त्यांना वारूनही बरीच वर्षं झाली. मुंबईला त्या एकदाच गेल्या. मुख्य कचेरीने तो भाग तिथल्या यंत्रावर बसवायला मानाने बोलावलं होतं. दुसऱ्याच दिवशी परतल्या.

"राहा म्हणाले असतील?" मी विचारलं.

"म्हणाले की. म्या म्हटलं, माणूस सोलापुरात हाय, कामच तिकडं धाडा."

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईचं काम सोलापूरला आलं.