जिभेखालचा धागा

आज सकाळी धुकं एवढं दाट होतं की समोरच्या चहाच्या गाड्यावरचा जाळ तेवढा दिसत होता, चहावाला दिसत नव्हता. उसाच्या हंगामातली थंडी. लोखंडी बाकड्यावर बसवत नव्हतं. मी अंगावर घोंगडं घेतलं आणि दवाखान्याच्या दारातल्या चपला सरळ करायला लागलो.

लहान पोरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात मी बरीच वर्षं बसतोय. नंबर पुकारायचा, दार लावायचं, कुणाचं बाळ घटकाभर धरायचं, एवढंच काम. शाळेचं तोंड बघितलं नाही, म्हणून कोण कुणाच्या मागं आलंय हे डोक्यातच ठेवतो. गोष्टींचं मला चपलांसारखंच वाटतं. माणसं आपापली पायात घालून जातात, तरी संध्याकाळी एक-दोन दारात राहतातच. कुणाच्या ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत.

आमच्याकडं अंगावर पिणारी पोरं फार येतात. एखाद्याची जीभ खालून बारीक पडद्यानं चिकटलेली असते, धागा असावा तशी. जीभ उचलत नाही, पोराला ओढता येत नाही. ते दमतं, रडतं, आईला जखमा होतात. गरज असली तर मॅडम तो धागा सोडवतात आणि पोर लगेच आईजवळ देतात. काम चिमटीएवढं, पण त्याच्याआधी अख्खं घर बोलून घेतं. ऐकून ऐकून माझेच कान थकलेत.

* * *

एक आजी नातीला घेऊन आली. सून बरोबर होती, आणि वाटेतलं भांडण अजून संपलं नव्हतं. मॅडमनी आजीला सगळं समजावलं. काय करणार, किती वेळ लागणार, घाबरायचं कारण नाही. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हणाली,

"थोडीच सोडा मॅडम. हिच्या आईची पुरी सुटल्याली हाय."

* * *

एक तरुण जोडपं आलं होतं. नवरा कंपनीत नोकरीला. मोबाईलवर फोटो बघून त्यानं घरीच ठरवलं होतं, जीभ चिकटल्या, वरचा ओठही चिकटलाय, दोन्ही सोडवायचं. मॅडमनी बोट घालून बघितलं. काही चिकटलेलं नव्हतं. त्यांनी आईला नीट टेकून बसवलं, पोराचं तोंड जरा फिरवून लावलं, आणि पोर गटागटा प्यायला लागलं. बाई आनंदानं रडायला लागली.

नवरा मात्र हिरमुसला. "असं कसं? मी हाफ डे टाकून आलोय मॅडम. काहीतरी तरी कापा की!"

* * *

सगळे किस्से हसण्याचे नसतात. मागं एकदा एक पोरसवदा बाळंतीण बाकड्यावर बसली होती. तिची आई, आत्या, मावशी एकमेकींना सांगत होत्या, हिला डिंकाचं लाडू द्या, शेपू द्या, अळीव द्या, दूध वाढंल. ती पिशवीतनं एकेक काढून खात होती, मांडीवर पोर रडत होतं. मी पाणी नेऊन दिलं, तर म्हणाली,

"आजोबा, सगळी मलाच चारायला लागल्यात. ह्याच्या पोटात कोण घालणार?"

पेला घेऊन परत दारात आलो.

* * *

बिद्रीकडचे एक आजोबा होते. सगळी हयात साखर कारखान्यात गेलेली. नातवाला आत नेलं, तसे ते दाराला कान लावून उभे राहिले. आत पोर एकदा जोरात रडलं, मग गप्प झालं. आजोबांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, पितंय ते, घाबरू नका. त्यांनी लगेच घरी फोन लावला आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"बॉयलर पेटला गं! गाळप सुरू!"

* * *

दुसऱ्यांच्या एवढ्या पोरांना आत सोडलं, पण घरात माझं कोण ऐकतंय?

माझी नात रेश्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर दिवसभर अंगाला चिकटून असायचं आणि तरी उपाशी. वजन भरेना. ती भिंतीकडं तोंड करून त्याला पाजायची, म्हणजे तिचं रडणं आम्हाला दिसू नये. मी म्हटलं, मॅडमना दाखवूया. पण तिच्या सासूचा शाहूवाडीहून निरोप होता, सव्वा महिना होईस्तोवर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या घरातही तेच मत. सव्वा महिना पोरानं कशावर काढायचा, हे कुणी बोलत नव्हतं.

पलीकडच्या खोलीत शिवाप्पा राहतो. कबनूरच्या यंत्रमागावर रात्रपाळ्या करून, त्याच खडखडाटात डुलक्या काढून म्हातारा झालेला. कान निम्मे गेलेत, तरी आमचं पोर त्याला ऐकू यायचं. मी एकदा म्हटलं, पोरामुळं तुझी झोप मोडत असंल. त्यानं नुसता हात हलवला.

परवा ईनबाई, रेश्माची सासू, स्वतः आल्या. पिशवीत बाटली आणि पावडरचा डबा. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, पोरीला दूधच न्हाय, गावात काय सांगू मी? रेश्मानं पदर डोक्यावरनं तोंडापर्यंत ओढला. हा शिक्का एकदा बसला की पुढच्या पोरांच्या वेळीही पुसला जात नाही, हे मी दारात बसून बघितलंय.

मला भांडता येत नाही. मी चहा दिला आणि त्यांच्या म्हशींची चौकशी केली. त्या खुलल्या. मग विचारलं,

"ईनबाई, म्हस व्याली अन् रेडकू लुचंना, तर आधी काय बघतासा?"

"त्येचं तोंड. बोट घालायचं, वढतंय का बघायचं."

"म्हशीला बोल लावत न्हाईसा?"

"म्हशीचा काय दोष पावणं? ती तर..."

तिथंच त्या थांबल्या. चहा तसाच ठेवला. उठून हात धुतले, पोराला मांडीवर घेतलं आणि करंगळी त्याच्या तोंडात घातली. बोट फिरवून बघितलं, ओढ लागेना. मग रेश्माकडं न बघताच म्हणाल्या,

"शाल घे. कान बांध. रिक्षा बोलवा कुणीतरी."

सव्वा महिना त्यांनी घातलेला, त्यांनीच सोडला. मॅडमनी बघितलं, धागा होता, सोडवला. पोर रेश्माच्या अंगाला लागलं, आणि घोटाचा आवाज आला. ईनबाई तो आवाज खाली वाकून ऐकत होत्या.

दुपारी घरी आलो. पोर पोटभर पिऊन झोपलं. रेश्मा पण झोपली, तोंड आमच्याकडं करून. ईनबाई चुलीजवळ बसल्या होत्या, पावडरचा डबा पिशवीतच होता. घरात किती दिवसांनी काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात दारात शिवाप्पा. अनवाणी, शर्टाची बटणं उघडी, डोळ्यांत झोप. आत डोकावून त्यानं आधी पाळण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तात्या, माग बंद पडला की मला जाग येत्या. पोर बरं हाय न्हवं?"