कडू झाडाखालचा बैरागी

आमच्या घरात बाईनं फोनला कुलूप लावलं की सगळे आधी तिच्या तोंडाकडं पाहतात. "एवढं काय दडवून राहिली?" नवरा हसत विचारायचा. त्याच्या रागाला मी भीत न्हाई, पण असं हसून विचारलं की मी फोन पदराखाली सरकवायचे. कारण दडवण्यासारखं होतंच. मी एका किल्ल्याची किल्लेदार होते.

किल्ला फोनातला. तो एक ग्रुप होता. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या तोंडून लिहायचं. कुणी शिलेदार, कुणी लोहार, कुणी शत्रूच्या छावणीतला हेर. एकानं लिहायचं, 'वेशीवर घोडेस्वार आलेत,' दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, अशी गोष्ट पुढं सरकायची. खेळ चालवणारा एक जण होता, तो भांडणं मिटवायचा. खरं नाव, खरं गाव कुणी कुणाला विचारायचं न्हाई, हा पहिला नियम. मी जे किल्लेदाराचं सोंग घेतलं ते चांगलं मिशीवाल्या, जरबेच्या गड्याचं. मी दरवाजा लावा म्हणलं की लागायचा. अख्खा गड मला 'सरकार' म्हणायचा.

इकडं औंढ्याच्या अलीकडं आमच्या गावात मी धाकटी सून. भाकरी थापता थापता पदराला बोट पुसायचे, एक हुकूम सोडायचे आणि तव्यावरची भाकर उलटायचे. लई मजा वाटायची, खरं सांगते. तेवढा एकच कोपरा माझा होता. बाई बाप्याचं सोंग घेऊन परक्या गड्यांसंगं बोलते हे घरात कळलं असतं, तर फोन सासूच्या पेटीत गेला असता आणि माझा कोपराही त्याच्यासंगं.

हळद शिजवायच्या दिवसांत खेळात एक बैरागी आला. वेशीबाहेर बसायचा, कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. लोक त्याला 'महाराज' म्हणायला लागले. एक दिवस त्यानं लिहिलं, 'सरकारांच्या हाताला हळदीचा वास येतो.' सगळे हसले. मीही हसल्याचं चिन्ह टाकलं आणि हात हुंगून पाहिले. दुसऱ्या खेपेला लिहिलं, 'सरकारांची भाकर आज करपली वाटतं.' माझी भाकर खरंच करपली होती! अजून तव्यावरून निघाली नव्हती, धूर निघत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी सगळ्यांकडं वाकड्या नजरेनं पाहू लागले. औंढ्यात ज्यानं माझ्या फोनची काच बदलली होती, तो पोरगा डोळ्यांपुढं आला. त्यानं आत काही घालून तर ठेवलं नसंल? दीर वाड्यात शिरताना फोन खिशात घालायचा, त्याचाही संशय आला. नवरा तर होताच. त्याला मी मुद्दाम एकट्याला सांगितलं, "मी उद्या हट्ट्याला माहेरी जायचं म्हणते." मग दिवसभर बैराग्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसले. माहेराचा 'म' निघाला न्हाई. नवरा सुटला. पण मला त्याचं बरं वाटलं न्हाई, कारण आता उरलेल्यांकडं पाहायचं होतं.

पुढं गोष्ट हाताबाहेर गेली. गडावर रसद कोणत्या वाटेनं येणार हे आमच्या बाजूच्या चार टाळक्यांनाच ठाऊक होतं, आणि शत्रूच्या माणसांनी नेमकी तीच वाट अडवली. बैराग्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, 'फितुरी किल्लेदारानंच केली. आणि हा किल्लेदार गडी न्हाई, बाई आहे. विचारा तिला.'

आगीत तेल पडावं तसं झालं. जे काल मुजरे करत होते ते आज शिव्या देऊन राहिले. एकानं लिहिलं, 'बायांनी खेळ नासवला.' काहींनी गुपचूप वेगळे मेसेज धाडले. 'खरंच बाई आहेस का, फोटो टाक की.' पुढचं सांगायची माझी जीभ वळत न्हाई. माझं डोकं भणभणलं. मेल्यांनो, माझ्या हुकमावर तुमी लढला ना रे! खेळ चालवणाऱ्यानं लिहिलं, 'सरकार, आरोप खोटा असेल तर उद्या दुपारपर्यंत सिद्ध करा. न्हाईतर किल्ला सोडा.'

मी सगळे जुने मेसेज पुन्हा वाचायला घेतले, बैराग्याचे एकेक. आणि एका ठिकाणी थांबले. त्यानं लिहिलं होतं, 'मी आपला वेशीवरच्या कडू झाडाखाली बसतो.' खाली कुणीतरी चेष्टा केली होती, 'महाराज, कडू झाड म्हणजे कोणतं? कारल्याचं का?' बैराग्यानं उत्तरच दिलं नव्हतं. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत न्हाई. आमच्या सासऱ्याचं नाव पडलंय एका झाडावरून, ज्याच्या काडीनं दात घासतात. ते झाड दारातच उभं आहे. मग सुनांनी त्या झाडाला काय म्हणायचं? लग्न होऊन आले तेव्हा मला पहिलं हेच शिकवलं, "त्याला कडू झाड म्हणायचं." गावात दुसरं कुणी असं म्हणत न्हाई. नणंद लेक आहे, ती झाडाचं नाव खुशाल घेते. सासू कडू झाडच म्हणते, पण तिला लिहिता-वाचता येत न्हाई. राहिल्या दोघी. त्यातली एक मी, आणि मी तर खेळातसुद्धा 'वेशीवरचं मोठं झाड' असंच लिहीत आले होते.

मला ज्यांनी हे शिकवलं, त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्या अंगणात वाळलेली हळद निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले. "बाई, बैरागी कोण व्हय?"

"कोणता बैरागी?" मान वर केली न्हाई.

"कडू झाडाखाली बसणारा."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता रडतील, पाया पडतील. कशाचं काय! त्या सरळ माझ्याकडं पाहून म्हणल्या, "मंग सांग की त्यांना. कडू झाड कोण म्हणतं अन् काहून म्हणतं, सगळं सांग."

त्यांनी मला बराबर अडकवलं होतं. माझ्याकडं पुरावा होता, पण तो द्यायचा म्हणजे सासऱ्याचं नाव, घर, दोन सुना, सगळंच उघडं करायचं. खेळात एक जण स्वतःला हिंगोलीचा म्हणवायचा. एवढं कळल्यावर आमचं घर हुडकायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"माझा फोन पाहिला तुमी?"

"चार्जिंगला लावा म्हणून तूच देत व्हतीस. कुलूप उघडताना तुझं बोट पाहिलं व्हतं, रसदीची वाट त्यातच वाचली अन् तिकडं धाडली."

"पण काहून केलं बाई असं? मी तुमचं काय वाईट केलं?"

"काय न्हाई केलं." त्यांनी हळदीचं एक बोट उचललं, मोडलं. "मी तुझ्या आधी आले या घरात. मला आजवर कुणी बसा म्हणलं न्हाई. बैरागी झाले तवा म्हणले, महाराज, बसा. मंग वाटलं, हिला तर सरकार म्हणून राहिले. हिलाच काहून?"

मला राग आला, आणि रागाच्या आत कुठंतरी कीव आली, त्या किवेचा आणखी राग आला. उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काहीच लिहिलं न्हाई. गप्प राहिली म्हणजे दोषी, असं ठरलं. किल्ला माझ्या हातून गेला आणि फितुरी पकडली म्हणून बैराग्याला मिळाला. मी चुलीपाशी बसून ते वाचलं. माझे डोळे भरून आले, धुराचं निमित्त होतंच. पलीकडं जाऊ भांडी घासत होती आणि तिच्या तोंडावरचं हसू तिला काही केल्या दाबता येत नव्हतं.

हसू टिकलं न्हाई. नव्या किल्लेदारानं पहिल्याच दिवशी लिहिलं, 'मी दरवाजावर आले.' आलो न्हाई, आले. लोक आता डोळ्यांत तेल घालूनच बसले होते. जाऊ फोन घेऊन माझ्याकडं आली, तोंड पांढरंफटक. "हे काय येऊन राहिलं बघ गं." तेच मेसेज, तीच माणसं. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यातल्या एकानं धाडलेला फोटो पाहिला आणि किळस आली. मी तिचा फोन हातात घेतला, त्या माणसांना बंद कसं करायचं ते दाखवू लागले. मनात तेवढ्यातही आलंच, ही मला आणखी कशात गुंतवून तर न्हाई राहिली?

दारात सासू येऊन उभी राहिली. "काय पाहून राहिल्या गं दोघी?"

जाऊचा फोन उघडा माझ्या हातात होता. एक शब्द बोलले असते तर तो पेटीत गेला असता, माझा मात्र वाचला असता. जाऊ माझ्याकडं पाहत होती.

"बाईंच्या लेकराचा शाळेचा अभ्यास आलाय, आत्याबाई," मी म्हणलं.

सासू गेली. जाऊनं फोनसाठी हात पुढं केला. मी लगेच दिला न्हाई. आधी माझा फोन कुठं आहे ते पाहिलं.