शेठच्या कारचे नवे टायर

पांढरकवड्याला हायवेवर टायर विकणाऱ्या तारिकच्या तोंडी लागू नये, असं गावात सगळेच सांगतात. मी म्हणतो, काही माणसं त्याच्याच तोंडी द्यावी अशी असतात.

आमचा जिनिंगवाला शेठच घ्या. कापसाचे भाव पडले त्या वर्षी तारिकची बायको जुबैदा घरचा कापूस विकायला घेऊन त्याच्या जिनिंगच्या फाटकावर गेली. मार्चचं ऊन डोकं फोडत होतं. शेठनं बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसला अन् म्हणाला, "ओला आहे. वाळवून आणा." कडकडीत वाळलेला कापूस तिनं तसाच परत आणला.

पावसाळ्यात त्याच शेठची परदेशी कार गुळगुळीत झालेल्या टायरांवर घसरत दुकानापुढे थांबली.

"उन्हात फुटणार नाहीत, पावसात घसरणार नाहीत, असे टायर दाखव."

तारिकनं दाखवले. शेठनं प्रत्येकाला बोटानं टोचून नाक मुरडलं. हा फार कडक, त्याची नक्षी उथळ. शेवटी चार पसंत केले अन् म्हणाला, "लाव."

तारिक भर पावसात बाहेर गेला. कारच्या निथळत्या बॉनेटवर कोपरापर्यंत हात फिरवून त्यानं शेठकडे पाहिलं.

"गाडी ओली हाये, शेठ. वाळवून आणा."